हलक्या मुगाच्या ओळी

भरलेला मूग स्टीलच्या ताटलीत पडला की 'टण्' करतो. हलका मूग 'टिच्' करतो आणि वर जरा लाजतो. एरंडी 'टक् टक्' करत लांब पळते. गहू नुसता 'खस्स' करून बसतो, जेवून आलेल्या पाहुण्यासारखा. हे सगळे आवाज मला तोंडानं काढता येतात. आमच्या बियाण्याच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीला माझ्याकडे तशी फर्माइश असते. आधी मूग, मग एरंडी, मग भोईटेसाहेब.

भोईटेसाहेब हे धान्य नाही. ते आमच्या लॅबचे प्रमुख. पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते, घर इथंच बडोद्यात, अकोट्याला, आणि बोलताना प्रत्येक वाक्याला अटेन्शनमध्ये उभं करतात. "बियाणं! म्हणजे! विश्वास!" नोकरीचे अनुभव खरं तर त्यांनी लिहायला हवेत. दिवाळी अंकात असलं काही लिहायचं तर केस पांढरे लागतात म्हणे. पण साहेब म्हणाले, "मी लिहिलं तर वाचणारे झोपतील. तू लिही, तुषार. तू मुळात झोपेतच असतोस, तुला जमेल."

त्यात थोडं तथ्य आहे. मी बडोद्याजवळ डभोईला शिकलो, गुजराती शाळेत. वडील रेल्वेत. मराठी फक्त स्वयंपाकघरात, तेही फोडणी तडतडत असताना. वर्गात बाहेर बघत बसायचो आणि बाईंनी विचारलं की त्यांच्याच आवाजात उत्तर द्यायचो. असा मुलगा पुढे दिवसभर दाणे मोजत बसेल, हे कोणाला स्वप्नात आलं नसतं. मला आलं असेल कदाचित. मला बरंच काही येतं.

काम काय, ते सांगतो. शेतकऱ्याकडून बियाणं आलं की पोत्यात टोकदार नळी खुपसायची, वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढायचं. शंभर भोकांच्या पाटीवर पसरायचं, म्हणजे बरोबर शंभर दाणे बसतात. असे शंभर-शंभर करून हजार दाण्यांचं वजन काढायचं. मग थोडे दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवायचे, कोंब किती येतात ते बघायला. घरोघरी नवरात्रात घटाखाली हेच करतात की. फक्त आमच्याकडे आरती नसते आणि प्रसादाला साहेबांचं भाषण असतं.

हजार दाण्यांचं वजन कशाला? माझी समजूत अशी. बी म्हणजे प्रवासाला निघालेलं लेकरू, आणि आईनं बरोबर दिलेला डबा. कोंब जमिनीतून वर येईपर्यंत, हिरवी पानं धरेपर्यंत त्याला ह्या डब्यावरच जगायचं असतं. जड बियाचा डबा भरलेला. हलक्या बियाचा अर्धा. आता डबा अर्धा का, तर आईच्या घरी दाणे भरायच्या वेळेला पाणी नव्हतं, किंवा ऊन फार होतं. त्यात लेकराचा काय दोष? पण वजनकाट्याला हे सांगता येत नाही. तो गुजरातीही बोलत नाही.

नुसत्या डब्यावर भागत नाही म्हणा. शहराच्या कडेला गोत्री आहे, तिथल्या एका सोसायटीतले एक रिटायर्ड काका दर वर्षी येतात. गच्चीतल्या कुंड्यांसाठी मूठभर मूग नेतात, पण एकेक दाणा निवडून, मोत्यांच्या पेढीवर बसल्यासारखे. एकदा कुंडीच उचलून घेऊन आले. "एक पण उगवला नाही! काय बियाणं देता?" मी बोट घालून बघितलं. मातीची वीट झाली होती, आणि दाणे माझ्या अख्ख्या बोटाएवढे खाली. म्हटलं, "काका, पेरलेत की पुरलेत?" डबा कितीही भरलेला असो, वर यायचा जिनाच एवढा केला तर लेकरू मधेच बसणार. काका दोन महिने बोलले नाहीत. आता बोलतात. सुनेनं नासका म्हणून कुंडीत फेकलेला मूग कसा फोफावला, ते सांगायला आले होते.

आता कैलासबेनची गोष्ट. लिहायला बसलो ते त्यांच्यासाठीच.

गोत्रीच्या पुढे, जिथं शहर संपतं असं परवापर्यंत म्हणायचे, तिथं त्यांचं शेत आहे. डावीकडे पार्टी प्लॉट, उजवीकडे पार्टी प्लॉट. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगतो: शेतावर हिरवळ अंथरायची, कमान उभी करायची आणि थंडीभर लग्नं लावायची, त्याला पार्टी प्लॉट म्हणतात. मूग सत्तर दिवसात पैसे देतो, लग्न एका संध्याकाळी देतं. म्हणून कैलासबेनचे दीर, जिग्नेशभाई, कधीपासून मागे लागलेले. माणूस वाईट नाही. वहिनीशी मान वर करून बोलत नाही. पण कैलासबेनचे यजमान असतात दूर, ट्रकवर, आणि शेत दोघा भावांचं सामाईक. घरात चहावर ठरलं होतं: वहिनीचं बियाण्याचं काम आमच्या कंपनीशी चालू आहे तोवर शेत वहिनीच्या हाती. ते सुटलं की हिरवळ.

आणि गेल्या वर्षी त्यांचा मूग हलका आला.

पाटीवर शंभर दाणे पसरले तेव्हाच मला कळलं. टिच्, टिच्, टिच्. शेंगा भरायच्या ऐन वेळी पावसानं पाठ फिरवली होती. साहेबांनी काट्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. चष्म्याची चूक नव्हती.

"ग्रॅव्हिटीवर घेऊ," साहेब म्हणाले. "किती चढतो बघू."

ग्रॅव्हिटी हे आमच्या कारखान्यातलं माझं सगळ्यात लाडकं मशीन. तिरपं टेबल, त्याला बारीक जाळी, खालून हवा फुंकतात आणि टेबल सारखं थरथरत असतं. त्यावर बी सोडलं की जगाच्या उलटं होतं. जड दाणे जाळीला पाय टेकून थरथरत थरथरत चढावर जातात. हलके दाणे हवेवर तरंगतात आणि अलगद उताराला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायचं विसरलो होतो. थंडीतल्या दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन येतं, त्यात मुगाची धूळ सोन्यासारखी उडते, मशीन 'घूंऽऽ' करत राहतं, आणि समोर एक हिरवी नदी हळूहळू दोन होते. एक वर चाललेली, एक खाली. बघता बघता मी पण त्यात असतो. कुठल्या धारेत, ते विचारू नका. शाळेतल्या मार्कांवरून अंदाज येईल.

टोकाला एक पत्र्याची पट्टी असते. पट्टीच्या वर पडेल ते बियाणं, खाली पडेल ती डाळ. आमच्या शेठचा नियम: निम्म्याहून जास्त माल वर चढला तर पोती पास.

त्या दिवशी कैलासबेन स्वतः आल्या होत्या. जिग्नेशभाई दारात स्कूटरवर बसून फोनवर कोणाशी तरी मांडवाचे भाव बोलत होते. कैलासबेन फक्त गुजराती बोलतात. मी त्यांचं बोलणं मराठीत सांगतो, नाहीतर पुण्याचे वाचक पान उलटतील.

मूग सुटला. थरथरला. थोडासा चढावर गेला, आणि बाकीचा... तरंगायला लागला. काय सुंदर तरंगत होता हो! मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. माझा हात पट्टीच्या स्क्रूवर होता. दोन बोटं खाली सरकवली असती तर अर्धी नदी बियाणं झाली असती.

कैलासबेननी माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघितलं. "दीकरा, हात काढ तिथून. माझा मूग आहे. कुठवर चढतो ते मला बघू दे."

मी हात खिशात घातला. निम्मा काही चढला नाही. तिसरा हिस्साही नाही.

त्यांनी खालच्या पोत्यात हात घालून मूठभर हलका मूग वर काढला. "हा काय मेलाय? उगवणार नाही?"

"उगवेल," मी म्हणालो. ओल्या कागदात उगवलाच होता, जवळजवळ सगळा.

"मग ह्याचं पीक कमी येईल असं कोण म्हणतं?"

साहेब अटेन्शनमध्ये आले. "तोच! तर! प्रश्न आहे!"

साहेबांचं वर्षानुवर्षांचं म्हणणं होतं की डब्याचा जोर सुरुवातीला. जड बी लवकर वर येतं, पानं मोठी काढतं, सगळ्यांच्या पुढे उभं राहतं. पण एकदा मुळं धरली, ऊन-पाणी मिळालं, की प्रत्येक जण आपली कमाई खातो. पुढे पीक किती, ते जमीन ठरवते, पाणी ठरवतं, दाणा भरायच्या वेळचं हवामान ठरवतं. मात्र बी खोल पडलं, वर मातीची खपली धरली, पाण्याची ओढ बसली, तर हलकं बी तिथंच हरतं. हे त्यांनी शेठना फोनवर सांगितलं. शेठचा आवाज फोनबाहेर येतो. "भोईटे, मने वार्ता नहीं, वजन बतावो. गोष्टी नकोत. पेरून दाखवा. हलकं बी जडाच्या बरोबरीनं उतरलं, तर बेनचा माल पास, बेनचं काम चालू."

कारखान्याच्या मागे आमचा छोटा प्लॉट आहे. होळीच्या आधी उन्हाळी मूग पेरला. एक ओळ जड, एक ओळ हलकी, असं आलटून पालटून. दोन्ही कैलासबेनच्याच पोत्यातले, एकाच आईचे. जड ओळीला लाल झेंडी, हलक्या ओळीला पांढरी. पाण्याची दारं धरायला रमणभाई. रमणभाईंचं वय त्यांच्या बिडीलाही माहीत नाही. पाणी सोडून बांधावर उकिडवे बसले की तेही बांधाचाच भाग वाटतात.

लाल ओळी आधी वर आल्या. जाड जाड दळं, रुंद पानं, रांगेत उभी राहिलेली गुबगुबीत पोरं. पांढऱ्या ओळी मागून आल्या, बारीक, फिकट, मधे मधे एखादी जागा रिकामी. सकाळी धुक्यात मी तिथं उभा राहायचो तेव्हा लाल ओळी दिसायच्या आणि पांढऱ्या नुसत्या असल्यासारख्या वाटायच्या.

कैलासबेन बघायला आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मागे पडले ना?"

"अजून शर्यत सुरूच आहे, मासी," मी म्हणालो आणि क्रिकेटच्या कॉमेंटरीवाल्याच्या आवाजात पांढऱ्या ओळीची बाजू लढवली. त्या हसल्या. पण जाताना मागे वळून बघितलं नाही.

मग उन्हाळा वर आला. दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरेना. प्लॉटवर मात्र काहीतरी गंमत व्हायला लागली. पांढऱ्या ओळी भरायला लागल्या. आधी रंग आला, मग फांद्या. फुलं आली तेव्हा लाल-पांढरं सांगायला झेंडी बघायला लागायची. कडुनिंबाखाली डबा खाऊन मला डुलकी लागायची. त्यात मला दिसायचं की ओळी एकमेकींशी बोलताहेत, लाल ओळ म्हणते आहे, "अगं, सरक ना जरा," आणि पांढरी सरकतच नाही. जागा झालो की खरंच तिच्या फांद्या लालच्या अंगावर गेलेल्या असायच्या.

शेंगा तोडल्या. वाळवल्या. झोडल्या. साहेब, रमणभाई, मी आणि कैलासबेन, चौघं काट्याभोवती. लाल ओळींचा मूग तोलला. मग पांढऱ्या ओळींचा.

पांढरा जास्त भरला.

बरोबरीचं नाही, जास्त! मी तिथल्या तिथे शेठच्या आवाजात "वाह भोईटे, वाह!" म्हणून टाकलं. कैलासबेन काट्यावरची मुगानं भरलेली पिशवी हातानं दाबून बघत होत्या, खरी आहे का म्हणून. साहेबांनी शेठना लावायला फोन काढला. नंबर काढला. आणि अंगठा तसाच थांबला.

"रमणभाई," ते हळू म्हणाले. मी साहेबांना हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "पाणी दोन्हीकडे सारखंच दिलं ना?"

"हा साहेब, सरखुं ज." रमणभाईंनी बिडी विझवली. "पण आ धोळी झेंडीवाळी सरीमां... जरा वधारे रहेवा दउं. बिचारी छे ने, साहेब."

बिचारी आहे ना. म्हणून पांढऱ्या सरीत पाणी थोडं जास्त वेळ राहू दिलं. उन्हाळ्यात. फुलं येताना, दाणे भरताना.

साहेबांचे कान लाल झाले होते. मग तेच म्हणाले, "मी पण... गांडूळखत उरलं होतं थोडं. फेकण्यापेक्षा म्हटलं..."

"कुठं टाकलंत?" कैलासबेननी विचारलं.

साहेबांनी पांढऱ्या झेंडीकडे बघितलं. गवत काढताना माझाही हात तिकडेच जास्त फिरायचा, ते कोणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. तिघं तीन वेळांना एकेकटे जात होतो. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एवढ्याशानं काय होतंय.

"प्रयोग बाद," भोईटेसाहेब म्हणाले. फोन खिशात ठेवला.

मी म्हणालो, "साहेब, शेठना काय कळणार आहे?"

"मला कळलंय," ते म्हणाले.

मग कैलासबेन बोलल्या, आणि काय बोलल्या! मी कोणाचीही नक्कल करतो, ह्या बोलण्याची अजून केली नाही. "तुम्हाला माया करायची होती तर माझ्याशी करायची होती, एक कप चहा पाजायचा होता. माझ्या मुगाशी का केलीत? तो आपल्या पायानं उभा राहिला असता. नसता राहिला तर मला कळलं असतं. आता जन्मभर कोणी म्हणेल, लाड केले म्हणून आला. तुम्ही त्याला बिचारा म्हणालात आणि बिचारा करून टाकलात."

रमणभाई बांधावरची माती नखानं उकरत राहिले.

"पोती द्या माझी," त्या म्हणाल्या. "खालची. डाळवाली."

आम्ही टेम्पोत चढवून दिली. साहेबांनी ह्या पावसाळ्यात लॅबमध्ये ठेवलेल्या नमुन्यावर तोच प्रयोग परत केला, काही ओळी वरवर, काही खोल. झेंड्या नाहीत, कुठली ओळ कुठली ते फक्त त्यांना माहीत, आणि प्लॉटवर जायला त्यांनी स्वतःलाच मनाई केलेली. रस्त्यावरून जाताना ते त्या बाजूला बघायचेसुद्धा नाहीत, लग्न ठरलेल्या मुलीसारखे. वरवर पेरलेल्या ओळी जवळजवळ सारख्या उतरल्या. खोल पेरलेल्यांत हलका मूग चांगलाच मागे पडला. म्हणजे साहेब बरोबर होते, कैलासबेनही बऱ्याच बरोबर होत्या. शेठ म्हणाले, "आवता वर्षे जोईशुं." पुढच्या वर्षी बघू. कैलासबेनचं काम मात्र उन्हाळ्यातच सुटलं होतं.

मला वाटत होतं, तिथं आता हिरवळ असेल. जायचा धीर होत नव्हता. शेवटी दसरा झाल्यावर, परवा, संध्याकाळी गेलो.

शेजारच्या पार्टी प्लॉटवर कोणीतरी साउंड तपासत होतं. "हेलो, हेलो, माइक टेस्टिंग." मधल्या शेतात माझ्या खांद्यापर्यंत तूर उभी होती. नुकती फुलायला लागलेली, पिवळी, मावळतीच्या उन्हात अशी काही की मला वाटलं मी अजून कडुनिंबाखालीच आहे.

कैलासबेननी तो हलका मूग जूनमध्ये ह्याच शेतात पेरला होता. वरवर, जरा दाट. आणि मुगाच्या ओळींमधे तूर टाकली होती. गणपतीपर्यंत मूग निघाला, खंडेराव मार्केटच्या एका व्यापाऱ्याकडे गेला, आणि खाली तूर गुडघ्याला लागलेली. आता आमच्याकडे एक रीत आहे. कायदा नाही, पण कायद्याचा बाप: उभ्या पिकात कोणी जेसीबी घालत नाही. घरचा माणूस तर नाहीच. जिग्नेशभाई कितीही मांडववाले झाले तरी शेतकऱ्याचं पोर.

ते तिथंच होते. हातात लांब टेप, बरोबर हिरवळवाला. मला बघून त्यांनी "जय श्री कृष्ण" केलं आणि वहिनीकडे वळले, मान खाली घालूनच.

"भाभी, ही तूर कधी निघणार?"

"आत्ताशी फूल धरलंय, भाई."

"म्हणजे?"

"फूल, मग शेंग, मग दाणा भरणार. दाण्याची घाई केली की हलका येतो. तुम्हाला माहीत आहे."

हिरवळवाला घड्याळ बघत होता. जिग्नेशभाईंनी टेपचं टोक धरलं आणि मुगाची जागा रिकामी दिसत होती तिकडे, दोन ओळींच्या मधे, पाऊल टाकलं.

"तिथं नको," कैलासबेन म्हणाल्या. "कालच हरभरा टोकलाय."

जिग्नेशभाईंनी टेप गुंडाळला नाही. पण पाय उचलला.